पुलावर डांबर सगळ्यात शेवटी

तुम्ही वडोदऱ्यातल्या मांजलपूरहून रोज करजणच्या बाजूला कामाला जाता. दिवाळीपासून हायवेवर डांबरीकरण चाललंय, वाटेतल्या एका पुलाची अर्धी बाजू बंद आहे आणि तीस-पस्तीस किलोमीटरला कधीकधी दोन-दोन तास लागतात. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. असं महिनोन्‌महिने रखडवण्यापेक्षा पंधरा दिवस पूल पूर्ण बंद करून काम एकदाचं का उरकत नाहीत? रस्ता नवा कोरा झाला तरी पुलाच्या तोंडाशी गाडी आपटते ती का? आणि जाममध्ये त्या अर्ध्या पुलावर उभं असताना पुढचा ट्रेलर हलला की पूल थरथरतो, त्यात धोका आहे का? शिवाय तुमची एक तक्रार आहे की पुलावर कामाला माणूसच दिसत नाही.

मी दांडिया बाजारात वाढलो, कलाभवनात सिव्हिल शिकलो आणि गेली बत्तीस वर्षं पुलांच्या दुरुस्तीत आहे. बरीचशी गुजरातेत, मधली काही मध्य प्रदेशात. त्या अनुभवावरून सांगतो. या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच घोटाळा आहे. रस्त्याचं डांबरीकरण आणि पुलाची दुरुस्ती ही दोन निराळी कामं आहेत. ती एकाच हंगामात, एकाच बॅरिकेडच्या आड चालतात, म्हणून आपण त्यांना एकच काम समजतो आणि दोन्हींना एकच घड्याळ लावतो. रस्ता रात्रीत किलोमीटरभर पुढे सरकतो, मग पूल तिथेच का, असं वाटणं साहजिक आहे. पण रस्त्याचं काम कातडीचं आहे, पुलाचं काम हाडांचं आणि सांध्यांचं.

आधी रस्त्याचं सांगतो, कारण ते थोडक्यात होण्यासारखं आहे.

रात्री तुम्हाला दातेरी ढोल लावलेलं जे यंत्र रस्ता खरवडताना दिसतं, ते मिलिंग मशीन. जुना थर न काढता त्याच्यावर नवा थर टाकला तर खालच्या भेगा वर्षा-दोन वर्षांत वर येतात आणि रस्त्याची उंचीही वाढत जाते. म्हणून जेवढं खराब तेवढं खरवडायचं, झाडून-फुंकून साफ करायचं, पातळ डांबरी इमल्शनचा हात मारायचा आणि मग नवा थर. हे इमल्शन दोन थरांमधलं चिकटण आहे. धुळीवर मारलं किंवा मारायचं राहून गेलं तर वरचा थर पापडासारखा सुटतो, आणि ट्रक जिथे ब्रेक दाबतात तिथे तो ढकलला जाऊन लाटा उठतात. कपुराई चोकडीसारख्या ठिकाणी सिग्नलच्या अलीकडे रस्ता कपड्याच्या चुणीसारखा का होतो, याचं अर्धं उत्तर यात आहे.

उरलेलं अर्धं उत्तर वजनात आहे. चाकाच्या भाराने रस्त्याचं होणारं नुकसान साधारण भाराच्या चौथ्या घाताने वाढतं. एका आसावर कायद्याने ११.५ टन चालतात. तिथे १५ टन घातले तर वजन वाढलं तीस टक्के, पण रस्त्याचं नुकसान होतं जवळपास तिप्पट. त्यामानाने तुमच्या गाडीने हायवेला जवळजवळ काहीच होत नाही. आणि आपल्याकडे वडोदरा ते भरूच हा सगळा कानम प्रदेश. कापसाची काळी जमीन, पावसात फुगते, उन्हात आकसते आणि फाटते. बाजूच्या चरातून पाणी नीट निघालं नाही तर ही माती रस्त्याच्या पोटात ओली राहते आणि वरचं डांबर कितीही उत्तम असलं तरी खचतं. दर वर्षी त्याच जागी खड्डा पडत असेल तर तिथे डांबराचा दोष शोधू नका, चर शोधा.

रात्रीच्या कामात उष्णतामानाचं एक भान ठेवावं लागतं. नेहमीच्या डांबराचं मिश्रण प्लांटमधून १५० ते १६५ अंशांना निघतं, पसरताना ते १४० च्या वर हवं आणि ९० च्या खाली जायच्या आत रोलरने दाबून झालं पाहिजे. प्लांट दूर असला, डंपर तुमच्याच जाममध्ये अडकला आणि वर जानेवारीचा वारा असला की हे गणित कोलमडतं. एका रात्री अडीच वाजता डंपरमध्ये थर्मामीटर खुपसला तो मला आठवतो. ताडपत्री अर्धीच ओढलेली, वर साय धरल्यासारखा कडक पापुद्रा, काटा ११८ वर. मी परत पाठवा म्हटलं. मागे चार डंपर उभे, डांबर पसरणारा पेव्हर रिकामा, लेन पहाटे पाचला उघडायची. बरीच वादावादी झाली आणि शेवटी तो माल परत गेला. पण त्याच्या आधीचे दोन डंपर मी यायच्या आधीच पसरून झाले होते. पुढच्या जुलैत नेमका तेवढाच पट्टा उखडला, वीस-बावीस मीटरचा, दोन्ही टोकांना सरळ रेघ मारल्यासारखा. म्हणून रात्री कुणी डंपर परत पाठवताना दिसलं तर ते काम चांगलं चालल्याचं लक्षण समजा.

आता पूल.

लोकांची आणि दुर्दैवाने बऱ्याच अधिकाऱ्यांचीही पहिली मागणी असते की पुलावरचे खड्डे बुजवा, वरून एक छान थर मारा. रस्ता करत आलेला पेव्हर पुलावरून तसाच पुढे जातो, अर्ध्या तासात पूल काळाभोर होतो आणि सगळे समाधानी. याच्याविरुद्ध मी बत्तीस वर्षं भांडत आलोय, कारण पुलाला त्यात फायदा नाही, तोटा आहे. हिशेब करून पाहा. गाळा, म्हणजे दोन खांबांमधला पुलाचा तुकडा, ३० मीटर लांब, १२ मीटर रुंद. त्यावर ५ सेंटिमीटरचा थर म्हणजे १८ घनमीटर माल. डांबरी मिश्रणाचं वजन घनमीटरला साधारण २.४ टन. म्हणजे एका गाळ्यावर ४३ टन. भरलेला दहाचाकी ट्रक कायद्याने २८.५ टनांचा, तसा दीड ट्रक तुम्ही पुलावर नेऊन कायमचा उभा केलात. तो रात्री जात नाही, रविवारी जात नाही. असे तीन-चार थर वर्षानुवर्षं चढलेले पूल मी पाहिलेत. एका पुलावर आम्ही गाभा कापून काढला तर ६५ मिलिमीटरच्या जागी १९० निघाले. गाभ्यावर थर मोजता येत होते, झाडाच्या खोडावर वर्षं मोजावीत तसे.

वजनापेक्षाही मोठं नुकसान पाण्याचं. पुलाच्या कडेला पाणी खाली सोडणाऱ्या नळ्या असतात. वरून थर चढला की त्यांची तोंडं बुजतात. कडेचा कठडा तेवढा बुटका होतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दोन गाळ्यांमधल्या जॉइंटवरूनही डांबर ओढलं जातं. तो जॉइंट मुद्दाम मोकळा ठेवलेला असतो. काँक्रीट उन्हाने लांबतं. ३० मीटरचा गाळा ३५ अंशांच्या फरकाने साधारण साडेबारा मिलिमीटर लांबतो-आखडतो. चार गाळे वरून एकसंध जोडलेले असतील तर पन्नास मिलिमीटर. डांबराचा थर ही हालचाल सोसू शकत नाही, पहिल्याच थंडीत तिथे आडवी चीर पडते. मग त्या चिरेतून पाणी थेट खाली जातं, आणि खाली काय असतं? वरचा स्लॅब पेलणाऱ्या तुळयांची, म्हणजे गर्डरची टोकं, त्यांच्याखालच्या गाद्या म्हणजे बेअरिंग, आणि पिअरचा, म्हणजे खांबाचा माथा. पुलाचा सगळा भार जिथून जमिनीकडे उतरतो, नेमकी तीच जागा.

माझ्या अनुभवात आपल्या भागातले जुने पूल बहुतेक वेळा भाराने मोडत नाहीत, जॉइंटमधून गळणाऱ्या पाण्याने आतून कुजतात. एका पुलाखाली आम्ही मचाण बांधून तपासणी करत होतो. माझ्याबरोबरचा मिस्त्री पंचमहालचा, चाळीस वर्षं हातोडी हातात असलेला. गर्डरच्या मधल्या भागात त्याने ठोकलं की खणखणीत आवाज येई, घंटेसारखा. टोकाकडे सरकत आला, जॉइंटच्या खाली, आणि आवाज बदलला. कच्च्या मडक्यावर टिचकी मारावी तसा. तो माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "साहेब, आ तो पोलुं छे." म्हणजे हे तर आतून पोकळ आहे. त्याने हातोडीचं टोक जरा जोरात मारलं आणि दोन हात लांबीची खपली सरळ खाली नदीत गेली. आतली सळई पेन्सिलीएवढी उरली होती, भोवती गंजाचे पापुद्रे, बोटाने सोलले तर हातात येत होते. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा मागतो. ती जागा तो काँक्रीट फोडूनच घेतो. वरून तो पूल कसा दिसत होता माहीत आहे? नवा कोरा. चारच महिन्यांपूर्वी डांबरीकरण झालं होतं, पांढरे पट्टेसुद्धा ताजे होते.

आपल्या जिल्ह्यात ९ जुलै २०२५ ला काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. पादरा तालुक्यातलं मुजपूर आणि पलीकडे आणंद जिल्ह्यातलं गंभीरा यांना जोडणारा, महीसागरवरचा १९८५ चा पूल. सकाळी कामाच्या वेळी मधला भाग कोसळला, गाड्या नदीत पडल्या आणि किमान २० माणसं गेली. प्राथमिक चौकशीत पेडेस्टल आणि आर्टिक्युलेशन चिरडल्याचं कारण सरकारने सांगितलं. हे दोन शब्द तेव्हा सगळ्या बातम्यांत आले, पण त्यांचा अर्थ फारसा कुणी उलगडून सांगितला नाही. पेडेस्टल म्हणजे पिअरच्या माथ्यावरचा छोटा काँक्रीटचा ओटा, ज्याच्यावर बेअरिंग बसतं. आर्टिक्युलेशन म्हणजे खांबाकडून पुढे आलेला हात आणि त्याच्यावर टेकलेला मधला तुकडा यांची बैठक. दोघांनाही तिथे अर्ध्या जाडीचा खाचा दिलेला असतो, लाकडी चौकटीत सुतार अर्ध्याला अर्धा बसवतो तसा. म्हणजे भार सगळा आणि काँक्रीट अर्धं. आत सळयांची दाटी, बाहेरून हात किंवा डोळा पोचायला कठीण, आणि बरोबर वरती जॉइंट. अशी रचना असलेल्या पुलात जॉइंट गळू देणं किती महागात पडू शकतं, याची कल्पना यावरून येईल. म्हणून मी पुन्हा पुन्हा सांगतो की पुलाची गुळगुळीत पाठ बघून त्याची प्रकृती ठरवू नका.

आता तुमचा पहिला प्रश्न, वेळ एवढा का लागतो.

कारण पुलावर डांबर सगळ्यात शेवटी येतं आणि त्याच्या आधीची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीसाठी थांबते. आधी वरचे जुने थर काढायचे, आणि तेही जपून, कारण मिलिंगचे दात खोल गेले तर स्लॅबची सळई कापली जाते. मग स्लॅब उघडा करून तपासायचा. काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन फवारलं की निरोगी काँक्रीट लख्ख गुलाबी होतं आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने मारलेलं बेरंग राहतं. ती बेरंग पट्टी सळईपर्यंत पोचली असेल तर तिथे गंज धरायला वाट मोकळी झाली असं धरायचं. मग सैल काँक्रीट फोडणं, सळया घासणं, गेलेल्या ठिकाणी नव्या जोडणं, भेगांत इपॉक्सी भरणं, वर दुरुस्तीचं काँक्रीट. त्याला पाणी मारून ओलं ठेवायचं. साधं काँक्रीट सात दिवसांत आपल्या २८ दिवसांच्या ताकदीच्या साधारण दोन तृतीयांशापर्यंत पोचतं. लवकर ताकद धरणारी मिश्रणं आहेत, आम्ही ती वापरतोही, पण ती महाग असतात, आणि घाईत कामगाराकडून जरा जास्त पाणी पडलं तर सगळं मुसळ केरात.

बेअरिंग बदलायची असतील तर ते काम या सगळ्याहून नाजूक. गर्डर आणि पिअरच्या मधली रबराची गादी वीस-पंचवीस वर्षांत कडक होते, चेपते, एका बाजूने बाहेर येते. भाकरी थापताना कडेने फुटावी तशी फुटलेली गादी मी काढली आहे. ती काढायला संपूर्ण गाळा जॅकवर उचलावा लागतो. उचलायचं किती? काही मिलिमीटर. पण सगळे गर्डर एकाच वेळी, एकाच गतीने, प्रत्येकाखाली बारीक हालचाल मोजणारं डायल गेज लावून. एक गर्डर दुसऱ्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त उचलला गेला तर वरच्या स्लॅबला तडा जाऊ शकतो. या वेळी वर वाहतूक चालत नाही. हे काम आम्ही मध्यरात्रीनंतर दोन-तीन तास पूर्ण बंद मागून घेतो आणि ते सगळं पुलाखाली चालतं. तुम्हाला पुलावर माणूस दिसत नाही याचं एक कारण हे. वर रिकामं बॅरिकेड आणि खाली मचाणावर पंधरा माणसं, असं बरेचदा असतं. बरेचदा म्हणालो, नेहमी नाही. कधी बिल अडकलेलं असतं, कधी जॉइंटचा माल आलेला नसतो आणि काम खरंच बंद असतं. ती तक्रार तुम्ही करायलाच हवी, आणि कशी करायची ते पुढे सांगतो.

डांबराच्या आधीचं शेवटचं काम जॉइंटचं. हे काम अर्ध्या-अर्ध्या रुंदीत करावं लागतं. तुमच्याच गाडीमुळे शेजारचा अर्धा भाग हलत असताना या बाजूचं ताजं काँक्रीट धरायला हवं, म्हणून ट्रकचा वेग कमी ठेवण्याचे बोर्ड लावतात. ते बोर्ड कृपा करून पाळा, ते तुम्हाला पकडण्यासाठी लावलेले नाहीत. जॉइंटची फट किती ठेवायची हे त्या दिवसाच्या उष्णतामानावर ठरतं. मे महिन्यात दुपारी गाळे लांबलेले असतात, तेव्हा ऐन हिवाळ्यातली फट ठेवली तर जानेवारीत रबर ताणून फाटेल. म्हणून मी जॉइंट नेहमी पहाटे बसवतो, गाळ्याच्या पोटाला थर्मामीटर लावून, वरच्या हवेचा आकडा न धरता.

थोडक्यात क्रम असा: खरवडणं, तपासणी, काँक्रीट, बेअरिंग, नळ्या, जॉइंट आणि मग डांबर. यातलं फक्त शेवटचं तुम्हाला गाडीतून दिसतं.

मग पूर्ण बंद करून पंधरा दिवसांत होईल का? हे परिस्थितीवर आहे. शेजारी दुसऱ्या दिशेचा समांतर पूल सशक्त असेल तर दोन्ही वाहतुकी त्यावर घेऊन हा मोकळा करता येतो आणि मी तेच सुचवतो. सगळी बाजू एकदम मिळाली की मधला उभा सांधा टळतो, थरथर टळते, काम सरस होतं. पण त्या दुसऱ्या पुलाचीही तपासणी आधी झालेली हवी, कारण तुम्ही त्याच्यावर दुप्पट भार टाकताय आणि तो याच वयाचा, याच पाण्यातला असतो. वडोदऱ्याच्या दक्षिणेला जांबुवा, पोर, बामणगाम इथे अडचण अशी झाली की रस्ता रुंद झाला आणि पूल अरुंद राहिले. तीन लेनची गर्दी दोन लेनच्या नळीत शिरते. तिथे एक लेन जरी घेतली तरी रांग लांबच लांब जाते, म्हणून अधिकारी पूर्ण बंदला घाबरतात. त्यांची भीती खोटी नाही. पण परिस्थिती बदलली आहे हेही खरं. दिल्ली-मुंबई एक्स्प्रेसवेचा वडोदरा-भरूच टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. लांब पल्ल्याचे ट्रक रात्री दहा ते पहाटे पाच तिकडे सक्तीने वळवले तर जुन्या ४८ क्रमांकाच्या महामार्गावर दुरुस्तीला रोज सात मोकळे तास मिळू शकतात. हे माझं ठाम मत आहे. त्यासाठी पोलिस, टोलवाले आणि रस्तेवाले यांना एका टेबलावर बसावं लागेल. माझ्या अनुभवात बहुतेक दुरुस्त्या काँक्रीटपेक्षा त्या टेबलापाशी जास्त रेंगाळतात.

पंधरा दिवसांचा आकडा मात्र विसरा. नुसते जॉइंट आणि डांबर असेल तर पूर्ण बंदमध्ये तेवढ्यात होईल. बेअरिंग आणि काँक्रीट धरलं तर दीड-दोन महिने, अर्ध्या रुंदीत केलं तर चार ते सहा. वर पावसाळा. आपल्याकडे जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत हे काम करू नये. ओल्या पृष्ठभागावर डांबर धरत नाही आणि नदीला पाणी असताना खाली मचाण टिकत नाही. विश्वामित्री आणि ढाढर एका रात्रीत किती चढतात ते ऑगस्ट २०२४ मध्ये आपण सगळ्यांनी पाहिलंय. म्हणजे ऑक्टोबर ते मे एवढाच हंगाम. दिवाळीनंतर बॅरिकेड लागले हे योग्यच झालं. जानेवारीत लागले असते तर मी काळजीत पडलो असतो.

पुलाच्या तोंडाशी गाडी आपटते ती का, हे सोपं आहे. पूल पाया घालून उभा असतो, तो खचत नाही. त्याला लागून असलेला भराव मातीचा असतो, तो खचतो. दोघांच्या मध्ये साडेतीन मीटरचा तरी काँक्रीटचा स्लॅब घालतात, एक टोक पुलावर आणि दुसरं भरावावर, म्हणजे उतार हळूहळू यावा. खालची माती नीट थर-थर दाबून भरली नसेल किंवा जॉइंटचं पाणी तिला धुवून नेत असेल तर हा स्लॅब एका बाजूने खाली बसतो. वरून डांबराची भर घातली की दोन महिने सुख, मग पुन्हा धक्का. आणि हा धक्का तुमच्या पाठीलाच बसतो असं नाही. प्रत्येक ट्रक उसळून पुलाच्या पहिल्या गर्डरवर आदळतो, दिवसातून हजारो वेळा. याला उपाय दोनच: स्लॅबखालची पोकळी ग्राउट करून, म्हणजे सिमेंटचा पातळ घोल दाबाने सोडून भरणं, नाहीतर उकरून परत बांधणं. ज्या कामात हे धरलेलं नाही ते काम अर्धवट आहे असं माझं मत आहे.

आता थरथरीबद्दल, कारण तुमच्या विचारण्यात काळजी दिसली आणि ती मला समजते. गंभीरानंतर आपल्या भागातला प्रत्येक माणूस पुलावर जरा श्वास रोखतो. पूल हलणं हे स्वतः धोक्याचं नाही. गाळा लवचिक असतो, असायलाच हवा. जड गाडी निघाली किंवा तिने ब्रेक मारला की तो वर-खाली होतो आणि दोन-चार सेकंदांत शांत होतो. उभ्या गाडीत बसल्यावर ते जास्त जाणवतं, चालत्या गाडीत तुमचीच हालचाल त्याला झाकते. पुलाची रचना करताना ट्रकांच्या रांगेचा भार धरलेला असतो, आणि जिथे अवजड गाड्यांचा जाम नेहमीचा, अशा जागी जामचा जादा भार धरायची तरतूदही पुलांच्या आजच्या संहितेत आहे. पण जुन्या पुलांवर तेव्हाचे ट्रक धरलेले होते, आजचे नाहीत, आणि दुरुस्ती चालू असलेला पूल म्हणजे ऑपरेशन टेबलावरचा पेशंट. म्हणून अशा वेळी पुलावर रांग उभी राहू न देणं, ती पुलाच्या अलीकडे धरून गाड्या थोड्या-थोड्या सोडणं, हे कंत्राटदाराच्या झेंडेवाल्यांचं काम आहे. तुमच्या पुलावर ते होत नसेल तर ही तुमची सगळ्यात रास्त तक्रार ठरेल. तुमच्या हातात असलेलं म्हणजे पुढच्या ट्रेलरला चिकटून पुलावर न चढणं. पलीकडे जागा झाली की चढा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्या.

काळजी करावी अशी लक्षणं वेगळी असतात. जॉइंटच्या दोन बाजू एका पातळीत नसणं आणि ती पायरी आठवड्यागणिक वाढत जाणं. कठड्याची सरळ रेघ एखाद्या ठिकाणी लचकलेली दिसणं. गाडी गेल्यावर लोखंडी पट्टीचा सुटा, खळ्ळकन येणारा आवाज. स्लॅबमधून खालचं पाणी दिसणारं भोक. यातलं काहीही दिसलं तर पूल ओलांडून, गाडी बाजूला सुरक्षित थांबवून, राष्ट्रीय महामार्गाच्या १०३३ या क्रमांकावर फोन करा, किलोमीटरच्या दगडाचा आकडा सांगा आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या. पुलावर उतरून फोटो काढत बसू नका. काम बंद पडलंय ही तक्रारही तिथेच नोंदवता येते. त्याने समाधान झालं नाही तर माहितीच्या अधिकारात दोन कागद मागा: पावसाळ्याआधीच्या आणि नंतरच्या तपासणीचा अहवाल, आणि दुरुस्तीच्या अंदाजपत्रकातली बेअरिंग आणि जॉइंट यांची नोंद. नुसत्या डांबराच्या टनांचा आकडा हातात आला तर समजा की पुलाचं काम कुणी धरलेलंच नाही, रस्ता करता करता पूल काळा केला जाणार आहे.

आणि मे महिन्यात बॅरिकेड निघाले, पूल उघडला, तरी तुमचं एक काम बाकी ठेवा. जुलैत पहिला मोठा पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी, उन्ह पडल्यावर, सर्व्हिस रोडने पुलाच्या कडेला जा आणि खालून पिअरचे माथे बघा. नदीला पाणी असेल तर काठावरूनच, लांबून दिसेल तेवढं. पाणी कडेच्या नळ्यांमधून धारेने पडून गेलेलं असेल आणि पिअरचे माथे कोरडे असतील तर काम नीट झालं. जॉइंटच्या खाली पिअरवर ओले काळे ओघळ दिसले तर त्याच दिवशी फोटो काढून तक्रार नोंदवा. तेव्हा दोषदुरुस्तीची मुदत चालू असते, कंत्राटदाराला स्वतःच्या खर्चाने जॉइंट पुन्हा करून द्यावा लागतो. दोन पावसाळे थांबलात तर तो ओघळ जुना आहे की नवा हे कुणालाच सांगता येणार नाही.